खुणेची जागा

पहिल्याच रविवारी त्याने माझी गाठ सोडून टाकली.

बोरीवलीच्या नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या मागच्या अंगाला काळे कातळ आहेत. ऐंशीच्या दशकात तिथे आमच्या क्लबचा प्रस्तरारोहणाचा सराव चालायचा. क्लब म्हणजे पंधरा-वीस पोरं, दोन दोर, पिशवीभर लोखंडी मेखा आणि एक म्होरक्या. म्होरक्या मुलुंडचा, टेलिफोन खात्यात नोकरीला. सगळे त्याला सर म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. मी कमरेला दोर बांधून उभी राहिले, तेव्हा तो जवळ आला आणि गाठीकडे बघून म्हणाला, "ही कुठली गाठ?"

"आमची."

"आमची म्हणजे?"

"घरची. माझा बाप हिनेच होडी बांधतो."

पोरं हसली. त्याने माझ्या परवानगीशिवाय गाठ सोडली. "इथं होडी नाही, माणूस बांधायचाय. पुस्तकातली मार." मग त्याने स्वतः करून दाखवली. बघते तर तीच गाठ. फरक एवढाच, की तो दोर स्वतःकडे ओढून वळवत होता आणि माझा बाप स्वतःपासून दूर वळवायचा. मी पुन्हा माझ्याच पद्धतीने मारली. त्याने ओढून बघितली आणि म्हणाला, "हां, आता कशी बरोबर आली."

मी गप्प बसले. म्हणजे तेव्हा बसले. नंतर वर्षभर भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटले.

मी अंधेरीच्या कॉलेजात होते. वर्गातल्या एका मैत्रिणीने मला क्लबात ओढून नेलं होतं. ती बोरीवलीची. तिचं घर मूळचं कोकणातलं, वडील गिरणीत होते ते आता एका सोसायटीत वॉचमन. आम्ही दोघीच मुली. आमची जागा ठरलेली होती, दोराच्या मध्ये. पुढे एक मुलगा, मागे एक मुलगा, मध्ये आम्ही, म्हणजे पडलो तरी कुठे जाणार नाही. दोराच्या पुढच्या टोकाला बांधून घेतो तो वाट शोधतो. कुठे हात घालायचा, कुठे वळायचं, हे त्याच्या डोक्याने चालतं आणि बाकीचे मागून येतात. मला ते पुढचं टोक हवं होतं. दुसरं काही नको होतं. किती वेळा मागितलं, तर उत्तर एकच, "आधी शिक." पोरं दोन महिन्यांत शिकून पुढे गेली. मी दीड वर्ष शिकतच होते.

घरी याहून वेगळं नव्हतं. आमचा कोळीवाडा अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. बाप मासेमारीला जायचा, आई टोपली घेऊन बाजारात बसायची. मी एकुलती एक. जाळी विणणं, फाटलेली शिवणं हे माझं काम. त्या दोन वर्षांत जाळी फार फाटत होती. मोठाली भोकं घेऊन बाप यायचा आणि म्हणायचा, "मोठा मासा व्हता." आई त्या मोठ्या माशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मी शिवत बसायचे.

शिवता शिवता बाप मला समुद्र शिकवायचा. ओट्यावर बसून. कारण होडीवर बाईमाणूस चढत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाई मासे विकेल, सुकवेल, भांडून बाजारातली जागा राखेल, पण होडीत बसणार नाही. तर बाप ओट्यावरून सांगायचा, "निगताना पुडं नाय बगायचं बाय, मागं बगायचं. किनाऱ्यावर दोन खुना धरायच्या. एक जवलची, एक लांबची. परत येताना दोनी एका दोरीत आल्या का आपन वाटेवर. जवलची डावीकडं सरकली का आपन भलतीकडं." त्याच्याकडे अशा खुणांच्या कितीतरी जोड्या होत्या. देवळाचा कळस आणि बोरीवलीच्या टेकडीचा उंचवटा. अमुक माड आणि तमुक घराचं छप्पर. मला सगळ्या पाठ होत्या. पण मी त्या समुद्रातून कधीही बघितल्या नव्हत्या. पोहणं पाण्याबाहेर शिकावं, तसलं माझं शिक्षण.

"दगडांत कवा मासली गावली हाय?" रविवारी पहाटे पाठपिशवी भरताना आई विचारायची. मी म्हणायचे, "बाजारात तरी रोज कुठं गावते?" आणि टोपली अंगावर यायच्या आत पळायचे.

त्या वर्षी डिसेंबरात क्लबने राजस्थानात जायचं ठरवलं. वाळवंटाच्या काठावर ग्रॅनाइटच्या खडकांचा मोठा मुलूख आहे, असं सरांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. आठ जण निघालो, सहा मुलगे आणि आम्ही दोघी. रेल्वे, मग बस, मग एका उंटगाडीत सामान टाकून चालत. एका बुटक्या डोंगरधारेच्या पायथ्याशी पडकं देऊळ आणि पायऱ्यांची विहीर होती. तिथे मुक्काम टाकला. पाणी म्हणजे तेवढीच विहीर.

समोर जे पसरलं होतं ते मी आयुष्यात बघितलेलं नव्हतं. घराएवढे, दुमजली इमारतीएवढे तांबूस गोल खडक, एकाला एक टेकून, एकावर एक चढून, मैलोन् मैल. मध्ये वाळूच्या गल्ल्या. गल्लीत शिरलं की दोन्हीकडे भिंती आणि वर आभाळाची चिंधी. दहा वळणं घेतली की आपण कुठून आलो ते कळत नाही. सगळे खडक सारखेच. पोरं हरखली. मैत्रीण म्हणाली, "झकास आहे यार, पण इथं हरवलो तर आपल्याला कोण शोधणार? हे गिधाड?" खरंच वर एक गिधाड होतं.

खडकही आमच्यासारखा नव्हता. बोरीवलीच्या कातळाला कंगोरे असतात, बोट घालायला भेग मिळते. इथे खरखरीत पाठ होती नुसती. धरायला काही नाही. कॅनव्हासचे बूट सपाट टेकवायचे, अंगाचं वजन पायावर टाकायचं आणि न घाबरता चालायचं. घाबरून खडकाला बिलगलं की पाय सुटलाच. पोरं सवयीने बिलगायची आणि घसरायची. मला पहिल्याच दिवशी जमलं, कारण शेवाळलेल्या धक्क्यावर टोपली घेऊन मी लहानपणापासून अशीच चालत आले होते.

दुसऱ्या दिवशी सर वाट चुकले. परत येताना दोन तास आम्ही त्याच त्या गल्ल्यांतून फिरलो. एकच मोडकं बोरीचं झुडूप मला तीनदा भेटलं. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, "सर, डावीकडे." ते म्हणाले, "तू मध्ये चाल." शेवटी डावीकडेच निघालो. पण कुणी तसं म्हटलं नाही. उलट संध्याकाळी सर म्हणाले, "आज चांगला अनुभव मिळाला." मुलगा चुकला की त्याला अनुभव मिळतो, हे मी तेव्हा नीट लक्षात ठेवलं.

त्याच रात्री जेवताना मी विषय काढला. "परवा मोठ्या खडकावर जायचंय ना? मी पुढे असणार. जाताना, चढताना, येताना."

पोरं भाकरी चावायची थांबली. सरांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण चुकलीस तर परत मध्ये. मग क्लबात असेपर्यंत मध्ये. मान्य?"

"तुम्ही आज चुकलात, तुम्ही जाणार का मध्ये?"

"मान्य का नाही ते सांग."

"मान्य," मी म्हटलं. मैत्रिणीने कपाळाला हात लावला.

ठरलेल्या सकाळी मी कमरेला दोराचं पुढचं टोक बांधलं आणि निघाले. दर पन्नास पावलांवर उंचशा दगडावर चढायचे आणि मागे वळून बघायचे. सर म्हणाले, "पुढे बघ की. वाट पुढे आहे." मी म्हटलं, "मला परतही यायचंय." जवळची खूण म्हणून मी एक मोठा खडक धरला. त्याचा माथा पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा झाला होता, दुरूनही चकाकत होता. लांबची खूण देवळामागच्या डोंगरधारेवर, एक काळा ठिपका. झाडोरा असावा. पांढरा माथा आणि काळा ठिपका एका रेषेत. ती रेष धरली की थेट विहीर. मी मनात बापाला म्हटलं, बघ, धरली.

मोठा खडक दुपारपर्यंत चढून झाला. मी पुढे, एकही मेख न ठोकता. वर बसून चणे खाल्ले, पाणी जवळजवळ संपवलं. सर म्हणाले, "बरी चढलीस." त्यांच्या तोंडून हे म्हणजे आरतीच.

चार वाजता परत निघालो. पांढरा माथा दिसला. त्याच्या मागे धारेवर काळा ठिपकाही दिसला. मी रेष धरली आणि चालू लागले. अर्ध्या तासाने गल्ली अरुंद झाली. मग आणखी अरुंद. मग समोर भिंत. परत फिरून दुसरी गल्ली घेतली, तिथेही भिंत. तिसऱ्या गल्लीत ते मोडकं बोरीचं झुडूप उभं होतं.

खूण चुकणं शक्य नव्हतं. किनारा कधी हलतो का? होडी हलते, माणूस हलतो, जमीन जागच्या जागी असते. माझ्या बापाचं सगळं शास्त्र त्यावर उभं आणि माझंही. मग आठवलं. सकाळी निघताना एक मेंढपाळ उंट घेऊन धारेवर चढताना दिसला होता. तोडलेल्या काटेरी फांद्या तिथे रचून ठेवलेल्या असणार, बकऱ्यांच्या कुंपणासाठी. तो ढीग मी झाडोरा समजले. मेंढपाळाने तो दिवसभरात ओढून नेला असणार आणि परतताना मी जो ठिपका धरला ते दुसरंच झुडूप असणार, खूप उजवीकडचं. जमिनीवरचीही एखादी गोष्ट चालत जाते, हे ओट्यावर शिकलेल्या मुलीला कोण सांगणार.

मी जे झालं ते सरळ सांगितलं. लपवलं असतं तर आणखी थोडा वेळ पुढे राहता आलं असतं, पण पाणी दोन घोट होतं आणि ऊन उतरत होतं.

"वाट लागली," एक पोरगा म्हणाला.

सरांनी हात पुढे केला. "झालं? दे दोर. मध्ये ये."

"नाही."

"अट तूच मान्य केली होतीस."

"केली होती. मुंबईला गेल्यावर पाळू. आता नाही. चुकले मी, म्हणजे कुठे चुकले ते मलाच ठाऊक आहे. तुम्ही पुढे गेलात तर पहिल्यापासून चुकायला लागाल."

"ही अक्कल सकाळी कुठे होती?"

"सकाळी अक्कल होती म्हणून मागे बघत होते. तुम्ही हसत होता."

माझा आवाज कापत होता. भीतीने नाही, रागाने. खोटं कशाला बोलू, थोडा भीतीनेही. सर जागचे हलले नाहीत, मीही नाही. तेवढ्यात मैत्रिणीने दोराची वेटोळी उचलली, स्वतःच्या कमरेभोवती दोर फिरवून ती खडकाला पाठ लावून बसली आणि मला म्हणाली, "जा गं. मी धरलंय." दोन पोरं तिच्याशेजारी जाऊन बसली. सर बघत राहिले.

समोरचा खडक चाळीसेक फूट होता, धरायला काही नाही, मेख ठोकायला भेग नाही. पडले असते तर जमिनीवर आपटल्यावरच दोर ताणला असता. पहिली दहा पावलं बरी गेली. मग उतार उभा झाला. बिलगावंसं वाटलं. मी मोठ्याने शिव्या घातल्या. खडकाला, मेंढपाळाला, सरांना, आणि बापालाही, की अर्धंच का शिकवलंस. शिव्या देताना माणूस ताठ उभा राहतो. पाय टिकले. वर पोचले तेव्हा तळहात सोलवटले होते.

वरून सगळं दिसत होतं. पांढरा माथा, डोंगरधार, धारेवर ते भलतं झुडूप. आणि त्याच्या बरंच डावीकडे, उतरत्या उन्हात, धारेवरून खाली गेलेला वाळूवरचा एक रुंद पट्टा. खराट्याने अंगण झाडावं तसा. काटेरी फांद्या उंटामागे फरफटत गेल्याचा माग. तो पट्टा जिथे सुरू होत होता, तिथेच सकाळी माझा ढीग होता.

खूण गेली होती, खुणेची जागा गेली नव्हती. मी पांढरा माथा आणि पट्ट्याची सुरुवात मनातल्या मनात एका रेषेत आणली. रेषेवर तिसरा एक फुटका खडक हेरून ठेवला, मग तिथून पुढचा. वरूनच ओरडून सांगितलं, "दोन गल्ल्या मागे, मग डावीकडे." या वेळी कुणी मला मध्ये चाल म्हणालं नाही.

दिवेलागणीच्या आत विहिरीवर पोचलो. सर आधी बाकीच्यांना पाणी देत राहिले, शेवटी तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "अट मी विसरलेलो नाही." मी म्हटलं, "मीपण नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चुकलात आणि फिरत राहिलात. मी चुकले आणि वाट काढली. आता सांगा मध्ये कोण." सरांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि देवळाकडे वळले. दुसऱ्या सकाळी सर उठायच्या आत मी दोराचं पुढचं टोक कमरेला बांधून बसले होते. ते आले, गाठीकडे बघितलं, दोन बोटांनी ओढून बघितली. सोडली नाही.

घरी आले तर बाप ओट्यावर जाळं पसरून बसला होता. पुन्हा मोठं भोक. मी समोर बसून सुईत दोरा घातला आणि शिवता शिवता सगळं सांगितलं. आई आत चूल फुंकत होती. बापाने मला शाबासकी दिली नाही. त्याने एवढंच विचारलं, "चुकलीस कुटं?"

"हलणारी खूण धरली."

त्याचा हात थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "माजीपन एक खुन गेली. कलसाच्या मागची टेकडी. मदी बिल्डिंगी आल्या, टेकडी दिसंना. अंदाजानं जातंय तं जाली खडपावर लागतान."

म्हणजे मोठा मासा वगैरे काही नव्हतं. दोन वर्षं तो पाण्याखालच्या खडकात जाळी फाडून घेत होता आणि सबंध कोळीवाड्याला मासा सांगत होता. मला हसूही येईना. ज्याचा हात धरून मी दिशा शिकले, तो माणूस रोज आंधळेपणाने जात होता आणि कुणाला विचारत नव्हता.

"मग दुसरी खूण धर."

"बिल्डिंग? ती काय खुन हाय? बिल्डरची."

"बिल्डरची असो नाहीतर कुणाची. हलतेय का?" त्याने मान जाळ्यात घातली. मी म्हटलं, "मला होडीवर ने. ओट्यावरून नाही शोधता येत. मी समुद्रातून बघते आणि सांगते."

"बाया होडीत बसत नाय, म्हाईत हाय ना तुला?"

"माहीत आहे. तरी येणार."

आतून चुलीपासून आईचा आवाज आला. "न्या तिला. मोटा मासा मनं. मला काय कलत नाय?"

भरतीला आम्ही निघालो तेव्हा किनाऱ्यावर चार जण मुद्दाम येऊन उभे होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "बाईमानूस होडीत? दर्या कोपंल." मी म्हटलं, "कोपला तर माझ्यावर कोपेल, तुम्ही काठावरच आहात." बापाने जाळं होडीत टाकलं. त्याने होडी लोटली.

मी पुढच्या टोकाला बसले आणि सवयीने पुढे बघायला लागले. "पुडं काय बगतेस," बाप म्हणाला. मी वळले. ज्या किनाऱ्याच्या खुणा मला पाढ्यासारख्या पाठ होत्या, तो किनारा मी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितला. आमचं घर इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं. कळस दिसत होता. त्याच्या मागे नव्या इमारती, आणि सर्वांत उंच इमारतीवर पाण्याची टाकी. टाकीच्या डाव्या कोपऱ्यामागे बोरीवलीची टेकडी नखाएवढी बाहेर होती. तिच्यावरून टेकडीचा उंचवटा कुठे असायला हवा ते कळत होतं. टाकीच्या बरोबर मागे.

"बा, टाकी धर. कळस आणि टाकी."

तो कुरकुरला. मग वल्हं वळवलं. कळस हळूहळू सरकत टाकीखाली आला आणि तिथे ठरला. बापाने शिशाचं वजन बांधलेली दोरी खाली सोडली, ओढली, पुन्हा सोडली. वजनाला चिखल लागून आला. खडप मागे राहिलं होतं. त्याने जाळं टाकलं.

परत आलो तेव्हा जाळं अख्खं होतं. म्हातारा तिथेच उभा होता. मी होडीच्या पुढच्या टोकावरून पाण्यात उडी मारली, दोर ओढत नेला आणि खुंट्याला घरच्या गाठीने बांधला. बाप माझ्यामागून उतरला आणि टोपली उचलून घराकडे चालू लागला. गाठ त्याने ओढून बघितली नाही.